कळ, खटका आणि स्वयंचलन : विद्युत्-परिभाषेतील एका भेदाचा विचार

पारिभाषिक लेखनात विजेच्या स्विचचे दोन वर्ग सहसा दोन विशेषणांनी सांगितले जातात : हस्तचालित आणि स्वयंचलित. पहिला माणसाच्या हाताने चालतो, दुसरा आपोआप. वरवर पाहता या विभागणीत वावगे असे काही नाही. परंतु विजेच्या कळीवर जेथे माणसाचा जीव अवलंबून असतो, अशा ठिकाणी ही दोन विशेषणे लावून पाहिली तर ती अपुरी पडतात. क्वचित दिशाभूलही करतात. हा अपुरेपणा यंत्रशास्त्राचा नसून भाषेचा आहे. म्हणूनच तो केवळ अभियंत्यांवर सोपवून भाषाभ्यासकांनी मोकळे होणे इष्ट नव्हे. प्रस्तुत विवेचनात भिलाईचे उदाहरण समोर ठेवून या भेदाचा विचार केला आहे.

भिलाईच का, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होईल. भिलाईच्या पोलाद कारखान्यासंबंधीचा भारत व सोव्हिएत संघ यांच्यातील करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला आणि तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. या दोन तारखांच्या मध्ये राज्यपुनर्रचना येते. करार झाला तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती, आणि हिंदी व मराठी या दोन्ही त्या राज्याच्या राजभाषा होत्या. डॉ. रघुवीर यांचा इंग्रजी-हिंदी बृहत्कोश त्याच १९५५ साली नागपुरातूनच प्रसिद्ध झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेले, दुर्ग नव्या मध्य प्रदेशात राहिले, आणि २००० साली ते छत्तीसगढचे झाले. म्हणजे भिलाईचा पाया ज्या काळात घातला जात होता त्याच काळात तो प्रदेश मराठीच्या शासकीय कक्षेबाहेर गेला. मराठी माणूस मात्र तेथून गेला नाही. भोसल्यांच्या राजवटीपासून छत्तीसगढात स्थिरावलेली मराठी घराणी होतीच. पेंड्रा येथून १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे व पुढे लोकमान्यांच्या ‘गीतारहस्या’चे हिंदी भाषांतर करणारे माधवराव सप्रे हे त्याच परंपरेतले. कारखाना उभा राहिल्यावर त्यात विदर्भातून आलेल्या कामगारांची भर पडली. अशा घरात मराठी, वस्तीत छत्तीसगढी, कारखान्याच्या फरशीवर हिंदी आणि कागदोपत्री इंग्रजी असा चौपदरी व्यवहार रूढ झाला. मूळ यंत्रे ज्या भाषेत घडली ती रशियन, ही पाचवी.

आता प्रत्यक्ष स्विचकडे वळू. मराठीत त्याला तीन देशी अथवा देशीकृत नावे आहेत. ‘बटण’ हे नाव आकारावरून आले. ‘कळ’ हे त्याहून जुने आणि अर्थाने पुष्कळ श्रीमंत. छत्रीला कळ असते, कुलपाला कळ असते. कळ फिरवणारा पडद्याआड असतो आणि बाहुली रंगमंचावर नाचते, म्हणून त्या बाहुल्या कळसूत्री. कळ म्हणजे थोड्या हालचालीने मोठे कार्य घडवून आणणारी युक्ती. (कळ लावणे म्हणजे भांडण पेटवून आपण बाजूला राहणे, हा वाक्प्रचारही याच युक्तीच्या अर्थाजवळ नांदतो.) ‘कळ’ या शब्दात कर्ता गृहीत असतो : ती कोणीतरी दाबतो, कोणीतरी फिरवतो. रशियन भाषेत यास एक लक्षणीय साम्य आढळते. ‘क्ल्यूच’ म्हणजे किल्ली. त्याच धातूला दोन वेगळे उपसर्ग लावून ‘जोडणे’ आणि ‘तोडणे’ ही विजेची दोन्ही क्रियापदे सिद्ध होतात, आणि स्विचला म्हणतात ‘विक्ल्युचातेल’, म्हणजे शब्दशः तोडणारा. मराठीने उपकरणाला युक्तीचे नाव दिले, रशियनने त्याच्या तोडण्याच्या कार्याचे. इंग्रजीतील मूळ शब्दाचा अर्थ लवचिक छडी. तो रूळ बदलण्याच्या सांध्यावरून विजेकडे आला असे मानले जाते. त्यात ना युक्ती, ना कार्य.

तिसरा शब्द ‘खटका’. तो ध्वनीवरून आला आहे आणि, आश्चर्य वाटेल, पण शास्त्रदृष्ट्या तिहींमध्ये तोच सर्वांत नेमका आहे. आरंभीचे स्विच म्हणजे तांब्याचे एक पाते आणि ते ज्यात बसते ती खाच. पाते हाताने सावकाश ओढले तर पाते व खाच यांमध्ये ठिणगीची कमान पेटते. हवा स्वतःच काही काळ वाहक बनते, धातू वितळतो, प्रसंगी हात भाजतो. एकदिश प्रवाहात ही कमान विशेष चिवट असते. प्रत्यावर्ती प्रवाह दर सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येत असल्याने तेथे ती विझण्यास मदत होते. यावर उपाय म्हणून न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्स यांनी १८८४ साली झटक्याने उघडणारा स्विच तयार केला. अशा रचनेत हात फक्त कमानीत (येथे कमान म्हणजे स्प्रिंग) ताण साठवतो. खटका मध्यबिंदूच्या पलीकडे गेला की उरलेले काम ती कमान करते. हात हळू चालवा अथवा वेगाने, तुटण्याचा वेग तोच. ‘खट्’ असा जो आवाज येतो तो या सुटकेचा. यातून एक गोष्ट निष्पन्न होते, ती पुढील विवेचनाला पायाभूत आहे : भिंतीवरचा साधा, पूर्णतः हस्तचालित समजला जाणारा खटकादेखील अखेरच्या क्षणी हाताचा राहत नाही. तेव्हा हात लागतो की नाही, यावर हस्तचालित व स्वयंचलित यांचा भेद उभा करता येत नाही. निर्णय कोण घेतो, हा खरा प्रश्न आहे.

मात्र त्या प्रश्नाकडे जाण्यापूर्वी वाटेत एक शब्द आडवा येतो. तो ‘बंद’. घरात ‘स्विच बंद कर’ म्हटले की दिवा जातो. शाळेच्या विज्ञानात ‘बंद परिपथ’ म्हणजे ज्यातून वीज वाहते तो, आणि ‘खुला परिपथ’ म्हणजे ज्यातून ती वाहत नाही तो. म्हणजे स्विच ‘बंद’ केला की परिपथ ‘खुला’ होतो. इंग्रजीतही विजेचा ‘उघडा’ स्विच म्हणजे तुटलेला. परंतु तेथे थांबवण्याच्या क्रियेला वेगळा शब्द असल्याने गोंधळ निभावून जातो. मराठीत व हिंदीत दोन्ही कामे एकाच ‘बंद’वर पडली आहेत. या विरोधाचे मूळ उपमेत आहे. लोकव्यवहाराने विजेची कल्पना नळाच्या पाण्यावरून केली : नळ उघडला की पाणी येते, बंद केला की थांबते. शास्त्राने तिची कल्पना कड्यावरून केली : कडे मिटले की प्रवाह फिरतो, उघडले की खुंटतो. दोन्ही उपमा आपापल्या जागी रास्त आहेत. एका वाक्यात त्या एकत्र आल्या की अनर्थ. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत तो दोन गुणांचा असतो. पाच भाषांच्या कारखान्यात, एका टोकाला नकाशा वाचणारा आणि दुसऱ्या टोकाला उघड्या तारेजवळ पाना घेऊन उभा असलेला, या दोघांमध्ये तो किती मोठा असू शकेल हे सांगण्याची गरज नाही. आंतरराष्ट्रीय संकेतानुसार स्विचवर उभी रेघ आणि शून्य ही दोन चिन्हे कोरण्याची पद्धत पडली ती भाषेचा हा धोका ओळखूनच, असे म्हणावयास हरकत नाही. पण बोलताना चिन्हे उपयोगी पडत नाहीत. मराठीत ‘जोडणे’ आणि ‘तोडणे’ ही निःसंदिग्ध जोडी उपलब्ध असताना पाठ्यपुस्तकांनी ‘बंद’चाच आग्रह धरावा, हे न कळण्यासारखे आहे.

आता निर्णयाचा प्रश्न. घरातील छोट्या परिपथ-खंडकाचे, म्हणजे सर्वजण ज्याला एम.सी.बी. म्हणतात त्याचे, उदाहरण घेऊ. मानहाइम येथील ह्यूगो स्टोट्झ यांनी १९२४ च्या सुमारास सिद्ध केलेली ही रचना. तिच्या पोटात दोन पहारेकरी असतात. एक दोन धातूंची चिकटवलेली पट्टी : भार प्रमाणाबाहेर गेला की ती तापून हळूहळू वाकते आणि अडणा सोडते. दुसरा विद्युत्-चुंबक : तारा एकमेकींस भिडून प्रवाह एकदम उसळला की तो क्षणार्धात अडणा ओढतो. हा खंडक हाताने लावता येतो, हाताने पाडताही येतो, आणि दोष आढळला तर आपण होऊन पडतो. मग तो हस्तचालित की स्वयंचलित? दोन्ही. या रचनेतील मर्माची गोष्ट अशी की दोष कायम असताना कोणी दांडी बोटाने दाबून धरली तरी आतील स्पर्शक सुटतातच. लावण्याचा अधिकार माणसाचा. तोडण्याचा अधिकार दोघांचा. आणि मतभेद झाल्यास तोडणाऱ्याचे मत ग्राह्य. वितळतार यापेक्षा जुनी व साधी. ती स्वतःचा नाश करून परिपथ तोडते, आणि तिच्या जागी जाड तार गुंडाळून तिला गप्प करण्याची सोय माणसाला असते, ही तिची मोठी उणीव. खंडकात दांडी धरून ठेवणाऱ्याला तेवढी सवलत नाही.

याच्या शेजारी पाण्याच्या टाकीतील तरंगत्या गोळ्याचा स्विच ठेवून पाहा. पाणी खाली गेले की तो पंप लावतो, वर आले की पाडतो. दोन्ही निर्णय त्याचेच. इस्त्रीतील उष्णतेचा स्विचही याच जातीचा. आणि कारखान्यातील मोटरच्या स्टार्टरची जात निराळी. हिरवे बटण क्षणभर दाबले की आतील चुंबक स्पर्शक ओढून घेतो आणि बोट काढले तरी धरून ठेवतो. पुरवठा गेला की चुंबकाची पकड सुटते, स्पर्शक पडतो. आणि पुरवठा परत आला तरी मोटर आपण होऊन सुरू होत नाही. ती सुरू करण्यासाठी माणसाला तेथवर यावे लागते, पाहावे लागते, बटण दाबावे लागते. वाहत्या पट्ट्यालगत बसवलेला दोरीचा स्विचही असाच : अपघात दिसताच कोणीही कोठूनही दोरी ओढून पट्टा थांबवू शकतो, पण तो पुन्हा सज्ज करण्यासाठी त्याच स्विचपाशी जावे लागते. वितळलेल्या धातूचे पात्र उचलणाऱ्या यारीला मर्यादा-स्विच असतो. आकडा ठरावीक उंचीवर पोहोचला की तो, चालकाचा हात दांडीवर असला तरी, वर जाणे थांबवतो. चालकाला आकडा खाली आणण्याची मुभा राहते. वर नेण्याची राहत नाही.

मराठीतील ‘स्वयंचलित’ हे विशेषण या सर्वांना सरसकट लागते आणि त्यांतला एकही भेद सांगत नाही. संस्कृत शिल्पशास्त्राने या बाबतीत अधिक काटेकोरपणा दाखवला होता. मालव्याच्या भोजराजाच्या नावावरील, अकराव्या शतकातील ‘समरांगणसूत्रधार’ या ग्रंथात (गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत टी. गणपतिशास्त्री यांनी तो १९२४-२५ मध्ये बडोद्याहून संपादून काढला) यंत्रांना वाहितले वा प्रेरले कसे जाते यावरून त्यांचे प्रकार सांगितले आहेत. त्यांत ‘स्वयंवाहक’ हा एक आहे आणि ‘सकृत्प्रेर्य’, म्हणजे एकदा प्रेरणा दिली की पुढे चालणारे, हा दुसरा. प्राचीनांना विजेचे ज्ञान होते असा अर्थ यातून काढणे हास्यास्पद ठरेल, आणि तसा तो काढलाही जातो, म्हणून ही सूचना. परंतु स्टार्टर हा सकृत्प्रेर्य आणि टाकीतील गोळा स्वयंवाहक, हा भेद या दोन शब्दांनी जितका चोख दाखवता येतो तितका ‘स्वयंचलित’ या एका शब्दाने येत नाही, एवढे निश्चित. परिभाषा घडवणाऱ्यांनी संस्कृतकडे धाव घेतली ती बहुधा प्रत्ययांसाठी. तेथे तयार असलेल्या वर्गीकरणाकडे फारसे लक्ष गेले नाही.

हा भेद पुस्तकी नाही याचा पडताळा महाराष्ट्रातील शेतीपंपांनी दिला आहे. शेतीपंपांना अनेक वर्षे आळीपाळीने दिवसा आठ किंवा रात्री दहा तास पुरवठा देण्याची पद्धत होती. रात्री-अपरात्री वीज आली की शेतकऱ्याने थंडीत, विंचू-काट्यातून, साप व बिबट्याच्या भयात विहिरीपर्यंत जावे आणि हिरवे बटण दाबावे. यावर त्याने काढलेली तोड म्हणजे स्टार्टरला जोडायचे एक उपकरण, ज्याला गावोगाव ‘ऑटोस्विच’ किंवा नुसते ‘ऑटो’ म्हणतात. वीज येताच ते स्टार्टरचे बटण दाबण्याचे काम करते. म्हणजे ज्या एका निर्णयासाठी रचनाकाराने मुद्दाम माणसाला राखून ठेवले होते, तोच निर्णय यंत्राकडे गेला. परिणाम दोन झाले. सुरू होतानाचा मोटरचा प्रवाह चालू प्रवाहाच्या पाच-सात पट असतो; वाहिनी सुरू होताक्षणी परिसरातील सगळे पंप एकदम उठले की रोहित्रावर असह्य भार पडतो आणि ते जळते. ऑटोस्विच काढा व कॅपॅसिटर बसवा, असे आवाहन महावितरणला म्हणूनच पुनःपुन्हा करावे लागले. दुसरा परिणाम अधिक गंभीर : वीज नाही असे समजून पंपाशी हात घालून बसलेल्या माणसाच्या हाताखाली ती मोटर उठू शकते. शेतकऱ्याची अडचण खोटी नव्हती. रात्रीचा पुरवठा हे मूळ दुखणे, ऑटोस्विच हा त्यावरचा त्याचा उतारा. परंतु ‘स्वयंचलित’ या एकाच शब्दाखाली पडणारे स्वयंचलन आणि लावणारे स्वयंचलन एकत्र नांदत असल्याने, एक जीव वाचवते व दुसरे धोक्यात घालू शकते, हे सांगायला भाषेत सोय उरली नाही.

सोय उरली नाही असे म्हणणे मात्र सर्वस्वी खरे नाही. ती कोशात नाही; बोलीत आहे. तारतंत्री ‘एम.सी.बी. पाडला’ म्हणतो आणि ‘एम.सी.बी. पडला’ असेही म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला या दोन वाक्यांत कधीही घोटाळा होत नाही. पाडणे-पडणे, तोडणे-तुटणे, सोडणे-सुटणे, लावणे-लागणे : सकर्मक व अकर्मक क्रियापदांच्या या जोड्या मराठीच्या रोजच्या वापरातल्या आहेत, आणि हस्तचालित व स्वयंचलित यांतील भेद त्या विशेषणाची मदत न घेता दाखवतात. ‘मी दिवा लावला’ यात निर्णय माझा. ‘दिवा लागला’ यात तो अन्य कोणाचा वा कशाचा. इंग्रजीत खंडकाच्या बाबतीत दोन्हींना एकच क्रियापद वापरले जाते आणि कर्ता कोण हे वाक्यरचनेवरून ओळखावे लागते. हिंदीत गिराना-गिरना, तोड़ना-टूटना या जोड्या आहेत. म्हणजे भिलाईच्या फरशीवर मराठी व हिंदी कामगारांना हा भेद एकमेकांना समजावण्यासाठी कोणत्याही कोशाची आवश्यकता नव्हती. परिभाषा-निर्मितीचा भर नामांवर व विशेषणांवर राहिला. क्रियापदाकडे तिचे लक्ष गेले असते तर ‘हाताने लावायचा, आपोआप पडणारा’ अशी लांबट पण सत्य संज्ञा तिला सुचली असती. ती बोजड वाटेल. ‘परिपथ-खंडक’ काही कमी बोजड नाही, आणि तो कोण लावतो हे मात्र सांगत नाही.

कायद्याच्या भाषेला ही बाब एका ठिकाणी हाताळावी लागली. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या चोविसाव्या कलमात १९७६ साली एक पोटकलम घालण्यात आले. शक्ती तोडण्यासाठी बसवलेले साधन नकळत तोडलेल्या स्थितीतून जोडलेल्या स्थितीत सरकण्याचा संभव असेल, तर ते सुरक्षित स्थितीत कुलूपबंद करण्याची व्यवस्था असावी, असा त्याचा आशय. येथे हस्तचालित व स्वयंचलित हा भेद मागे पडतो. ज्या स्विचला आता कोणीही, माणसाने वा यंत्राने, हलवायचे नाही अशी ही तिसरीच अवस्था आहे. अशा वेळी आयसोलेटर लागतो : ज्यातील फट डोळ्यांना दिसते, जो भार वाहत असताना उघडायचा नसतो, आणि उघडल्यावर ज्याला दुरुस्ती करणारा आपले कुलूप लावतो. किल्ली त्याच्याच खिशात राहते. रशियनातील ‘क्ल्यूच’ येथे अक्षरशः अवतरतो.

कुलपासोबत एक पाटीही टांगली जाते. तिच्यावर काय लिहावे, यात उपरोक्त सर्व विवेचनाची कसोटी आहे. ‘बंद आहे’ असे लिहिले तर नकाशा वाचणारा त्याचा अर्थ एक करील आणि घरून मराठी घेऊन आलेला कामगार दुसरा. ‘काम चालू आहे’ असे लिहिले तर ‘चालू’ हा शब्द प्रथम डोळ्यांत भरेल, आणि तो तर विजेचाच शब्द. शिवाय दोन्ही वाक्ये स्थिती सांगतात. स्थिती पाटी टांगल्यानंतर बदलू शकते, पाटी बदलत नाही. ‘जोडू नका’ हे दोन शब्द पुरेत. हिंदीत ‘जोड़ें नहीं’.